रोल नंबर एकेचाळीस

तीस वर्षं ऑफिसात बसलं की माणसाकडे फायलींपेक्षा किस्से जास्त होतात. फायली अधूनमधून रद्दीत तरी जातात, किश्श्यांना तेवढीही सोय नाही!

मी अमरावतीच्या एका कॉलेजात हजेरीचा क्लार्क होतो. वर्गातली हजेरी मोठ्या रजिस्टरात उतरवायची आणि कोणी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की नावापुढे लाल पेन्सिलीनं ‘शॉर्टेज’ लिहायचं. शॉर्टेज म्हणजे परीक्षेचा फॉर्म अडकला. पोरं मला ‘लाल्या’ म्हणत. लाल्या म्हणजे कपाशीवर पडतो तो रोग!

तास बुडवून सिनेमाला जाणाऱ्या पोरांचे किस्से सगळेच सांगतात. मला आठवते ती विमल. साठ सालच्या आगेमागची गोष्ट.

* * *

विमल वलगावची सून. बी.ए.चं शेवटचं वर्ष, रोल नंबर एकेचाळीस. नवरा धामणगावला नोकरीला, आणि ही सासरी राहून रोज एस.टी.नं कॉलेजात यायची. तिला दिवस गेलेत हे दिवाळीनंतर सगळ्या वर्गाला कळलं, ते बाकामुळे.

आमचे बाक आणि डेस्क एकाच पट्टीला ठोकलेले असत. सातव्या महिन्यात विमल त्यात मावेना. दोन दिवस तिनं भिंतीला टेकून उभ्यानं वही लिहिली. तिसऱ्या दिवशी मुलींच्या खोलीवर देखरेख करणाऱ्या द्वारकाबाई सुताराला घेऊन थेट वर्गात शिरल्या आणि बाक वीतभर मागे घेऊन ठोकायला लावला.

ठोकाठोकी ऐकून प्राचार्य धावत आले. “बाई, हे कोणाच्या परवानगीनं?”

“साहेब, बाक सरकते. पोट सरकत नाई!”

प्राचार्य आले तसे परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची चिठ्ठी आली : मुलींच्या रांगेतले सगळे बाक तसेच करून घ्यावेत.

* * *

पौषात विमलला मुलगी झाली. आता सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. मी हिशेब केला. शॉर्टेज ठरलेलं! वाचायला एकच वाट होती, डॉक्टरचं सर्टिफिकेट.

आमच्या फॉर्मवर रकाना होता ‘आजाराचे नाव’. विमलच्या डॉक्टरीणबाईंनी त्यात लिहून पाठवलं, ‘आजार नाही. बाळंतपण.’

मी नियमांचं पुस्तक काढलं. आजाऱ्याला सवलत होती. मॅचला गेलेल्याला होती, एन.सी.सी.च्या शिबिराला गेलेल्याला होती, नाटकाच्या स्पर्धेत भाला धरून उभा राहणाऱ्यालासुद्धा होती. बाळंतपणाचा उल्लेख कुठेच नाही! मी कागद परत पाठवला. वर टिपण, ‘कृपया आजाराचे नाव लिहावे.’

डॉक्टरीणबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, ‘विमल ठणठणीत आहे. टिपण लिहिणाऱ्याला तपासायला पाठवा.’

ऑफिसात सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगतो, त्या टिपणाची मला आजही लाज वाटते.

* * *

हे सगळं मी अकोल्याच्या दामोदरला सांगितलं. तोही माझ्यासारखाच, तिथल्या एका कॉलेजात क्लार्क. तो म्हणाला, “तुले कारकुनी आलीच नाई लेका!”

त्याच्याकडे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. “पोरीले दिवस गेले. नाव काढून टाका.” मुलगी मागे उभी, डोळे पाण्यानं भरलेले.

दामोदरनं टेबलाचे तिन्ही खण उघडून पाहिले. “नाव काढाचा फॉर्म संपला, भाऊ. छपाईले गेला हाय. पंधरा दिवसांनं या.”

पंधरा दिवसांनी छापखान्याचं मशीन बिघडलेलं. पुढच्या पंधरवड्यात कागद आलेला नव्हता. मग साहेब दौऱ्यावर! असं करत करत मार्च उजाडला, मुलगी परीक्षेला बसली आणि पेपर संपले त्या दिवशी फॉर्म छापून आले.

आम्हा कारकुनांच्या दिरंगाईनं कोणाचं भलं झाल्याचं माझ्या ऐकण्यात तरी हे एकच उदाहरण आहे!

* * *

पण मला कारकुनी येत नव्हती. विमलच्या नावापुढे मी शॉर्टेज लिहून बसलो.

आणि एका सोमवारी इतिहासाच्या खारकरसरांनी हजेरी घेताना “एकेचाळीस” म्हटल्यावर मागच्या बाकावरून जाड आवाज आला, “हजर!”

धोतर, फेटा, पांढऱ्या मिशा. विमलचा सासरा, सुखदेवबाबा! वर्ग हसून हसून लोळला. सरांनी बाबांना माझ्याकडे पाठवलं.

“बाबा, हे काय चालवलंय?”

“साहेब, रोजानं कामाले जानारं मानूस बाजीवर पडलं त घरचं दुसरं मानूस बदलीले जाते. काम होते, हजेरी लागते. सून बाजीवर हाय, म्हनून मी आलो. काहून, तुमच्यात बदली चालत नाई?”

मी त्यांना प्राचार्यांपुढे उभं केलं. प्राचार्य म्हणाले, “बाबा, तुमच्या बसण्यानं तिची हजेरी लागणार नाही.”

“नका लावू. बसू त द्यान? इथं आयकलेलं घरी जाऊन तिले सांगतो. आमी दीक्षा घेतली तवाच ठरलं साहेब, घरात शिकनाऱ्याचं शिक्षन बंद पडू द्याचं नाई.”

कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत म्हातारा महिनाभर रोज आला. हजेरीला “हजर” म्हणायचा, सर न लिहिता पुढे जायचे.

एक दिवस प्राचार्य अचानक वर्गात आले. “काल सरांनी काय शिकवलं?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागून बाबा उठले.

“फ्रान्सच्या राजाचं सांगतलं. लोकायले भाकर नोती. मंग त्यायनं तुरुंग फोडला. राजाचं पुढं काय झालं ते सर आज सांगनार हायत. मले तं रातभर झोप नाई!”

प्राचार्य तिथून तडक माझ्या टेबलाशी आले. विमलचा फॉर्म मागितला, फक्त प्राचार्यांनीच भरायच्या ‘खास कारण’ या रकान्यात ‘बाळंतपण’ असं लिहिलं आणि सही केली. माझं ‘शॉर्टेज’ मी स्वतःच्या हातानं खोडलं. पुढच्या वर्षीच्या छापील फॉर्मवर मॅच आणि शिबिराच्या खाली ‘बाळंतपण’ छापून आलं.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झालेल्यांच्या नंबरांची यादी बोर्डावर लावली. विमल गर्दीत मागे अडकलेली. बाबा नातीला खांद्यावर घेऊन पुढे घुसले. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सुनेनं तळहातावर काढून चार आणि एक शिकवला होता. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. एकेचाळीस नाही! म्हातारा मटकन पायरीवर बसला.

“बाबा, परीक्षेचा नंबर वेगळा असतो!” मी घाईघाईनं त्यांना उठवलं आणि विमलचा नंबर दाखवला. “हा बघा. सून बी.ए. झाली.”

त्यांनी नातीचा हात धरून त्या नंबरावर टेकवला. डोळे पुसले. मग परत माझ्याकडे वळले.

“हे तिचं झालं. मंग एकेचाळीस कुठी गेला? महिनाभर त मी होतो न!”

मागे प्राचार्य उभे होते. त्यांनी माझ्या कानावरची लाल पेन्सिल काढून घेतली आणि यादीच्या खाली, ठळक अक्षरात लिहिलं : ४१.