हुकूम न्हाई

आमच्या निरगुडसरच्या मामांइतका विचारून-पुसून वागणारा फौजी अख्ख्या पृथ्वीतलावर झाला नसेल. श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतून परतले आणि पलटणीतून निवृत्त झाले. आवाज असा, की ओढ्यापलीकडची म्हैससुद्धा चरायची थांबावी. पण कुणाच्याही दाराशी आले की चपला काढून, घसा खाकरून विचारायचे, "येऊ का आत?" दुसऱ्याकडे ठीक आहे हो, हे गृहस्थ स्वतःच्या घरातही असेच शिरत! एकदा मामी रुसल्या, उत्तरच देईनात. मामा दुपारभर ओट्यावर उपाशी. मी म्हटलं, "अहो, घर तुमचंच ना?" तर म्हणाले, "आसंल राव, पन हुकूम न्हाई."

इराकची लढाई झाली आणि आपलीही फौज तिकडे जाणार अशी बोलणी टीव्हीवर सुरू झाली. मामांचा एकुलता एक सुनील फौजेत. मामांचं जेवण सुटलं. सलूनमध्ये कुणीतरी म्हणालं, "एवढी मोठी फौज! हप्त्यात अतिरेकी साफ व्हतील."

अर्धी दाढी झालेले मामा ताडकन उठले. "लंकेत एक म्हातारी आमाला रोज पानी द्यायची. भाषा कळायची न्हाई, पन सुरुंग कुठल्या वाटंला हाय ते हातानं दावायची. एक दिस हुकूम आला, घरांची झडती घ्या. आमी न इचारता घुसलो, तिची पेटी उपसली. अतिरेकी गावला न्हाई. दुसऱ्या दिशी तिचं दार बंद. मंग वाट कोन दावनार? परक्या मुलखात बंदूक लई लांब जाती भाऊ, पन म्हातारीच्या दारापसनं मागं फिरती." आणि तसेच, अर्ध्या दाढीनिशी घरी गेले.

अखेर एका संध्याकाळी बातमी आली, आपली फौज जाणार नाही. हुश्श! मामा ओट्यावरून उठले आणि चपलांसकट थेट चुलीपाशी. "न्हाई जायाचं गं! सुन्या न्हाई जायाचा!"

"अहो, चपला!" मामी हसता हसता रडू लागल्या.

मामा ओशाळले. बाहेर गेले, चपला काढल्या, खाकरले. "येऊ का आत?" मामींना हुंदका आवरेना, शब्द फुटेना, आणि हा भला माणूस डोळे पुसत दारातच उभा! शेवटी चुलीपाशी बसलेला मीच ओरडलो, "या हो मामा, या!"

मामा आता नाहीत. सुनील पेन्शनीत आलाय, मजेत आहे. पण निरगुडसरला गेलो आणि कडी वाजवली, की मामी आधी "या" म्हणतात, मग कोण आलंय ते बघतात.