वाशिओंच्या टेबलाकडे कुणी आलं नाही

त्या सोमवारी सकाळचा व्यायाम संपला, सगळ्यांचे हात खाली आले आणि नवे अध्यक्ष ओदागिरी अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर चढले. थंडीमुळे शब्दांआधी वाफच बाहेर पडत होती. कंपनीतल्या एका विभागाचं काम बाहेर द्यावं लागणार, एवढं त्यांनी सांगितलं. कोणत्या विभागाचं, ते शुक्रवारच्या बैठकीत ठरेल. मग ते उतरले. वाकून अभिवादन करायला आम्हाला उशीर झाला, कारण बोलणं संपलंय हेच कुणाला उमगलं नव्हतं.

आमची कंपनी पंप बनवते. साकाईच्या बंदराजवळ, जिथे समुद्राचा वास येतो पण समुद्र दिसत नाही. वाशिओ तेइजी दुरुस्ती विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. विकलेले पंप चालू ठेवणं हे आमचं काम. भातखाचरांतले, बोटींतले, गावोगावच्या स्नानगृहांतले. शाळा संपली तशी वाशिओ या फाटकातून आत आले ते कधी बाहेर गेलेच नाहीत, असं त्यांची बायको फुसाए-सान म्हणायची.

पंपांमधलं त्यांना फार कळत नसे. ते स्वतःच सांगायचे. त्यांना कळायची ती माणसं. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची चपटी डबी घेऊन ते कंपनीभर हिंडत. कुणाला आपल्या टेबलाशी बोलवायचं नाही, आपण जायचं. एकाला दुसऱ्यासमोर विचारायचं नाही. गोळी पुढे करायची, हवेबद्दल बोलायचं, बेसबॉलबद्दल बोलायचं, आणि उठता उठता म्हणायचं, "तेवढं ते एक होतं... तुमचं काय मन होतं त्यात?" नाही म्हणणाऱ्याकडे पुन्हा जायचं. पुन्हा. तो होय म्हणेपर्यंत नव्हे, तर त्याचं नाही मऊ पडेपर्यंत. आमच्याकडे याला मुळं मोकळी करणं म्हणतात. जुनं झाड हलवायचं असेल तर माळी वर्षभर आधीपासून त्याच्या भोवती खणतो, मुळं थोडी थोडी सुटी करतो, तसं. ओतशाळा नदीपलीकडे हलवली तेव्हा वाशिओ पावसाळा, उन्हाळा आणि अख्खी पानगळ चालत होते. शेवटी बैठक झाली ती चहा निवायच्या आत संपली.

बैठकीत काही ठरत नसतं. ठरलेल्यासमोर सगळ्यांनी मिळून वाकायचं असतं. म्हणून बैठकीची तारीख लागली, की आधी कुणीतरी तुमच्या टेबलाशी येतं. आणि ज्याच्याकडे कुणीच येत नाही, तो माणूस नसतो. तो झाड असतो.

सोमवारी वाशिओंच्या टेबलाकडे कुणी आलं नाही.

मंगळवारी ते माझ्याआधी येऊन बसले होते. खिडकीकडे पाठ, दाराकडे तोंड. समोरचा कागद सरळ धरलेला होता, पण पान उलटत नव्हतं.

"नोमोतो-सान, मघाशी मी खाली गेलो होतो तेव्हा कुणी आलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"फोन?"

"किशिवादाच्या स्नानगृहाचा. पाणी गरम आहे म्हणे, पण वर चढत नाहीये."

"असं. म्हणजे आतला कुणाचा नाही."

दुपारी आमचा मेकॅनिक योकोइ दारातून ओरडला, "अहो प्रमुख, चला की जेवायला! तुमच्या वाडग्यातल्या उदोनच्या शेवया रस्सा पिऊन पिऊन बाळसं धरतील."

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा थांबतो."

"कोण यायचंय?"

वाशिओंनी समोरचा कागद पुन्हा सरळ केला. योकोइ हसत होता, मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं, उतरवायला विसरलेल्या टोपीसारखं. विभागात आम्ही सहा जण होतो. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की भीती आपल्या एकट्यालाच वाटतेय.

ते जेवले नाहीत. संडासलाही ते धावत जाऊन धावत येत. पायऱ्यांवर बूट वाजले की त्यांचा हात टायच्या गाठीकडे जाई. बूट आमच्या दारावरून पुढे जात. एखाद्या घरात आजारी माणूस असतो आणि शेजारचे त्या दारासमोर आवाज न करता चालतात, तसे लोक आमच्या दारावरून जाऊ लागले होते. की ते नेहमी तसेच जात होते आणि आम्हीच आता ऐकायला शिकलो होतो?

बुधवारी वाशिओ उठले. डबी खिशात टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी चालायला निघाले.

जिन्याच्या वळणावर सिगारेट ओढायची जागा आहे आणि तिच्या भिंतीपलीकडे आमची चहाची मोरी. भिंत पातळ आहे. मी किटलीत पाणी भरत होते. विक्री विभागाचे मिनागावा तिथे उभे होते. वाशिओ आणि ते एकाच वर्षी लागलेले, एकाच खोलीत राहिलेले.

"घे. घसा ओला कर."

"सिगारेटवर गोळी? तू मला मारणार एक दिवस, वाशिओ." मिनागावांनी गोळी घेतली असावी, दातावर वाजली. "हॅन्शिनच्या संघाचं काय वाटतं यंदा?"

"शेवटून पहिले. दुसरं काय. बायको बरी आहे ना?"

"आहे. माझ्यावर ओरडते म्हणजे बरीच आहे."

किटली भरली. मी नळ बंद केला.

"तेवढं ते शुक्रवारचं," वाशिओ म्हणाले. "तुझ्याकडे... आलं का कुणी?"

मी भिंतीकडे बघत होते. तिथे कॅलेंडर होतं, बर्फातल्या बगळ्यांचं.

"हो," मिनागावा म्हणाले. "म्हणजे, झालं थोडं बोलणं. वरवर."

"असं."

"तुझ्याकडे आलेच असतील की."

"हो हो," वाशिओ म्हणाले. "आले होते. मी आपलं सहज विचारलं."

ते खाली गेले; मिनागावांची पावलं मात्र वाजली नाहीत. थोड्या वेळाने दुसरी सिगारेट पेटवायला काडी ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वाशिओ सगळ्यांकडे गेले. खरेदी, हिशेब, गोदाम, ओतशाळा. प्रत्येकाने गोळी घेतली आणि प्रत्येकाने सांगितलं की हो, कानावर आलंय. ते परत येत, खुर्चीत बसत, आणि प्रत्येक वेळी थोडे लहान दिसत. फुसाए-सानने मला नंतर सांगितलं, की गुरुवारी घरी आल्यावर ते बूट न काढता उंबऱ्यावरच बसून राहिले. तिने विचारलं, काय झालं. म्हणाले, "सगळ्यांना विचारून झालंय. माझं सोडून."

शुक्रवारी बैठकीत चहा द्यायला आणि बोललेलं लिहून घ्यायला मी होते. लांब टेबल, प्रत्येकापुढे झाकणाचा कप. ओदागिरी बँकेतून आलेले, त्याआधी बरीच वर्षं परदेशात. ते वेळेआधीच येऊन बसले होते, आणि त्यांच्यापुढे एकही कागद नव्हता.

"माझं काहीही ठरलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणूनच कुणाशी आधी बोललो नाही. मुद्दामच. मला वाटलं, एकदा सगळे मिळून समोरासमोर बोलू. ज्याला जे वाटतं ते त्याने सांगावं."

कुणीही झाकण उचललं नाही.

मी पेन धरून बसले होते. कुणाशीच बोलले नाहीत. कुणाकडेच कुणी गेलं नव्हतं. टेबलाभोवतीचा प्रत्येक माणूस त्या क्षणी हेच ऐकत होता, आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण वाशिओंना हो म्हणालो होतो. कसं सांगणार होते ते? ज्याला कुणी विचारत नाही तो गेलेला असतो. आपल्याला कुणी विचारलं नाही हे तोंडाने कबूल करायचं म्हणजे स्वतःच्या मुळांशी स्वतः कुदळ मारायची. आणि प्रत्येकाने त्याच वेळी मनात दुसरंही काही नोंदलं होतं. वाशिओ विचारत फिरतोय. ज्या माणसाला कंपनीतलं सगळं आधी कळतं, तो घाबरलाय. म्हणजे त्याचाच विभाग. मग ते आपापसात बोलले होते. जेवताना, जिन्यावर, हळू आवाजात, सुटकेने.

त्यांचं सगळ्यांचं एकमत वाशिओंनीच करून ठेवलं होतं. नेहमीसारखं, चोख.

मिनागावांनी घसा खाकरला. "सगळ्यांच्या मनात आहे ते... म्हणजे साधारण, दुरुस्ती विभागाचं..."

माना हलल्या. एकेक, थोड्या थोड्या. वाऱ्याने भात हलतं तशा.

"दुरुस्ती?" ओदागिरींनी सगळ्यांकडे पाहिलं. "का बरं?"

का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"सगळ्यांना तसं वाटतं," खरेदीचे प्रमुख म्हणाले.

"मला गोदाम वाटत होतं." ओदागिरी टेबलाच्या लाकडावर बोट फिरवत होते. "दुरुस्तीतून तर जुनं गिऱ्हाईक टिकतं. वाशिओ-सान, तुम्ही सांगा. तुमचं काय मत आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले. समोर दार उघडंच होतं, खुद्द अध्यक्षांनी धरलेलं. एवढंच म्हणायचं होतं की नाही, मला हे पटत नाही. योकोइच्या, माझ्या, आम्हा सगळ्यांच्या वाट्याचं एक नाही. पण बैठकीआधी जे कुठे बोललं गेलं नाही ते या माणसाने जन्मात कधी बैठकीत उच्चारलं नव्हतं. टेबलाभोवतीच्या सगळ्या मुंड्या खाली होत्या. त्यांनी त्या एकदा शेवटपर्यंत बघितल्या. ते जमलेलं एकमत मोडायचं म्हणजे आयुष्यभर जे केलं ते हाताने पाडायचं.

"माझी काही हरकत नाही," वाशिओ म्हणाले.

चहा निवायच्या आत बैठक संपली.

बाहेर मिनागावांनी त्यांना गाठलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वाशिओ, अरे, माझ्याकडे कुणी आलंच नव्हतं रे."

"माहीत आहे," वाशिओ म्हणाले. "माझ्याकडेही नव्हतं." आणि ते वाकले, नेहमीपेक्षा जरा खाली, आणि बाकीच्यांचे आभार मानायला गेले.

वसंतापर्यंत आमचा विभाग विखुरला. योकोइ गावी गेला. मला विक्रीत घेतलं, मिनागावांच्या हाताखाली. वाशिओंना कंपनीच्या वाहनतळावर नेमलं, गाड्यांना हाताने जागा दाखवायला. एका दुपारी मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी डबी पुढे केली.

"सगळ्यात आधी कुणाकडे जायला हवं होतं, कळतं का तुला?" त्यांनी विचारलं. "ओदागिरींकडे. खरं सांगणारा तेवढा एकच होता."

"मग का नाही गेलात?"

एक ट्रक आला. त्यांनी पांढरा हातमोजा घातलेला हात वर केला, ट्रक उभा राहीपर्यंत धरून ठेवला.

"हो, तुमचाच विभाग, म्हणाला असता तर?" ते म्हणाले.

पावसाळ्याआधी ओदागिरी पुन्हा त्या चौथऱ्यावर चढले. आणखी एक विभाग. शुक्रवारी. या वेळी आम्ही वेळेवर वाकलो. त्या दिवसापासून मिनागावा जेवायला उठेनात. खिडकीकडे पाठ, दाराकडे तोंड. पायऱ्यांवर बूट वाजले की त्यांचा हात टायकडे जाई.

"नोमोतो-सान, आता आलं होतं का कुणी?"

"नाही."

मी उठले. वर जाण्यासारखा माझा हुद्दा नव्हता आणि काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. फक्त तो हात टायकडे जाताना मला पुन्हा बघवत नव्हता. जिना चढून वर गेले. अध्यक्षांचं दार उघडं होतं. ते तसंच असतं म्हणे नेहमी, पण आमच्यापैकी कुणी ते कधी पाहिलेलं नव्हतं. ओदागिरी टेबलाशी एकटे बसले होते. पुढे डबा होता, भात तसाच, मधोमध खारवलेला लाल आलुबुखार. त्यांची पाठ खिडकीकडे होती.

बुटांचा आवाज ऐकून ते ताडकन उभे राहिले. हात टायच्या गाठीकडे गेला.

"या, या. बसा ना," ते म्हणाले. "इथे आल्यापासून आपणहून कुणी वर आलं नव्हतं." मग ते माझ्या मागे, रिकाम्या जिन्याकडे बघत राहिले, आणि आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "खाली माझ्याबद्दल काय ठरलंय?"