दोन खोल्यांमधली वायर

कोणतीही वायर दिसली की काका ती तीनदा ओढून बघत. दोनदा नाही, चारदा नाही, तीनदा. मग मान हलवून म्हणत, "व्हय. आहे."

औरंगपुऱ्यात माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानाला लागून त्यांचा गाळा होता. जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून देत. आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. काका मागच्या हिवाळ्यात गेले.

ओढून बघायची सवय वाळूजची. तिथल्या एका कारखान्यात वीस वर्षं ते गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधत होते. प्रत्येक जोड तीनदा ओढल्याशिवाय पुढच्या माणसाकडे द्यायचा नाही, असा तिथला शिरस्ता. नोकरी सुटली, शिरस्ता राहिला. एकदा त्यांनी माझ्या झेरॉक्स मशीनची पिन अशीच ओढली आणि ती हातात आली. आत कुणाचे तरी कोर्टाचे कागद अडकले, पक्षकार समोर उभा. मी भडकले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, ओढल्यावर हातात येतं ते आधीच सुटलेलं असतं. मी फक्त कळवलं." दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी वायरमननं दाखवलं, सॉकेट आतून जळत आलं होतं. चहा घेऊन मीच गेले, दुसरं काय करणार!

त्यांचं नाव होतं ते एका वायरीसाठी. पूर्वी हातात धरून खेळायचा गेम टीव्हीला लावलेल्या गेमला वायरीनं जोडता यायचा. हातातल्या गेममध्ये मिळवलेलं टीव्हीवरच्या गेममध्ये नेता यायचं. आता तशा वायरी सहसा मिळत नाहीत. काका त्या घरी बनवत. चाळिशीला टेकलेले इंजिनिअर माळ्यावरून बालपण काढून आणत आणि त्यांच्या स्टुलावर गुमान बसून राहत. वायर देताना काका प्रत्येकाला बजावत, "दोन्हीकडून एकदम बटण दाबायचं. एकट्यानं दाबून जमत नाय."

तुमच्याही लक्षात आलं असतं, की रोज दुपारी एकला ते शटर अर्धं ओढून गाडीला किक मारत आणि साडेचारला परत येत. मला वाटायचं, घरी जाऊन झोपत असतील. एकदा विसरलेला डबा द्यायला पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेले, तेव्हा कळलं.

काकूंना मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणावरून उठता येत नव्हतं. त्या आतल्या खोलीत, हातात छोटा गेम. काका बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. मधल्या उंबऱ्यावरून काकांनी बनवलेली लांबलचक वायर गेलेली. गेम बागेचा होता. काकू आत रोपं तयार करायच्या, वायरीतून पाठवायच्या, काका ती टीव्हीतल्या मळ्यात लावायचे. सुरू करण्याआधी काका बाहेरून वायर तीनदा ओढत. मग काकू आतून एकदा ओढत. तेवढीच त्यांच्या हातात ताकद होती.

"पाठवलं!" आतून आवाज.

"मिळालं!" बाहेरून.

मी विचारलं, "काकू, टीव्हीच आत का नाही आणत?"

"नको गं बाई! दिवसभर एकमेकांची तोंडं बघून लई कंटाळा येतो. असू दे तिकडंच," त्या म्हणाल्या. मग आवाज चढवून, "आन् पाणी घालायचं इसरू नका!" बाहेर काका हसत होते. मी इतका सुखी माणूस फार वेळा पाहिलेला नाही.

काकू गेल्या. काका पंधरा दिवसांनी दुकानात आले. आता एकला शटर ओढत नव्हते. दर सोमवारी मात्र खिशातून काकूंचा गेम काढायचे, त्याची कॅसेट उघडायचे आणि आतल्या बटणाएवढ्या सेलला मीटर लावून बघायचे. त्या सेलच्या जिवावर गेमला सगळं आठवत असतं. तो संपला की सगळं पुसलं जातं.

"सतरा रोपं आहेत आत," एका सोमवारी त्यांनी सांगितलं. "जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं मागितली तर म्हणाली, आजून कवळी आहेत, उद्या देते."

"मग सेल बदला ना. लोकांचे बदलून देता की!"

"लोकांचे लई बदलले. याच्यावर हात उठत नाय, ताई. सेल काढताना जरा हात हलला तर सतराच्या सतरा गेली."

"मग वायरीनं टीव्हीत घ्या."

"घेतो. पण तिकडं गेली की इथली जागा मोकळी व्हते." त्यांनी गेम खिशात ठेवला.

पुढच्या कितीतरी सोमवारी हेच चाललं. मीटरवरचा आकडा उतरत होता, आणि मला त्यांचा राग यायला लागला होता. शेवटी मीच म्हटलं, "काका, दोन्ही गेम तुमच्याजवळ आहेत. दोन हातांनी दोन बटणं दाबा आणि मोकळे व्हा."

त्यांनी मीटर बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एकच माणूस दोन्हीकडून दाबायला लागला, तर मग वायर कशाला पायजे?" आणि थोड्या वेळानं, "तुम्ही याल का?"

दुपारी एकला आम्ही दोघांनी आपापली शटरं ओढली.

आतल्या खोलीत पलंगावर चादर ताणून घातलेली होती. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी पलंगाच्या कडेला टेकले. वायर होती तशीच उंबऱ्यावरून आली होती. काकांनी छोटा गेम माझ्या हातात दिला, कोणतं बटण ते दाखवलं आणि ते बाहेर गेले. पडद्यावर सतरा हिरवे ठिपके डुलत होते. मला वाटलं होतं, खेळच तर आहे. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मी बोट बटणापासून लांब धरलं.

"मी तीन म्हणलं की," बाहेरून आवाज आला. "एक. दोन. तीन."

मी दाबलं. एकेक ठिपका निघून गेला. काळी माती राहिली आणि कोपऱ्यात पाण्याची झारी.

काय म्हणायचं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "पाठवलं."

बाहेर टीव्हीचं ते टुणटुण संगीत तेवढं चालू होतं.

"मिळालं," काका म्हणाले.

मग माझ्या मांडीवरची वायर हलली. बाहेरून तीनदा ओढ बसली. ती निसटू नये म्हणून मी पिन चिमटीत घट्ट धरली आणि इकडून एकदा ओढली.