‘चहा टाक’ नावाचं वायफाय

रविवारी सकाळी मी दादाच्या राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, काढून दुसरीकडचं टाकलं. कंपनीने अपडेट देणं बंद केलं होतं. दादा जाऊन सात महिने झाले होते. नव्या फर्मवेअरने जुन्या सेटिंग पुसल्या, वायफायचं नावही.

वहिनी फोन घेऊन आल्या. “भाऊजी, यांचं ‘चहा टाक’ दिसत नाही हो.”

त्यांना चिडवायला दादाने हे नाव ठेवलं होतं. “स्वतः टाका,” त्या फोनकडे बघून म्हणायच्या.

गेलेल्या माणसाचं घरात कुठे काय उरलंय, ते पुसल्यावर कळतं.

मी तेच नाव पुन्हा दिलं. जुना पासवर्ड फक्त दादाला माहीत होता, म्हणून नवा ठेवला.

वहिनींच्या फोनने ‘चहा टाक’ ओळखलं आणि दादाने कधीकाळी त्यात टाकून दिलेलाच पासवर्ड वापरला. राउटरने तो नाकारला.