टाकीवरची रेघ

आमच्या गावच्या कारखान्यात बनणाऱ्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर दोन्ही बाजूंना एकेक सोनेरी रेघ असायची, हाताने ओढलेली. पुढे जाड, मागे निमुळती होत जाणारी. कारखान्यात ती ओढणारी बाई म्हणजे रेघताई. तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाच्या तोंडी नव्हतं. माझं किल्ल्या बनवायचं दुकान तिच्या दोन खोल्यांच्या बरोबर खाली. माझीही गाडी त्याच कारखान्याची, त्यामुळे आमची ओळख दुहेरी.

बाई अंगाने काटकुळी आणि तोंडाने फटकळ. वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. ते गेल्यावर ती एकटीच राहिली. भाऊ दुसऱ्या गावी, त्याच्या संसारात. कारखान्यात ती मांजराच्या मिशीसारखा लांब केसांचा ब्रश रंगात बुडवायची, श्वास रोखायची आणि टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढायची. मध्येच शिंक आली की सगळं पुसून पहिल्यापासून. गंमत म्हणजे ती स्वतः कधी मोटरसायकलवर बसली नव्हती. मी एकदा म्हणालो, "ताई, चला, एक चक्कर मारून आणतो."

"नको रे बाबा. हलवायाला मिठाई खाताना पाहिलंयस कधी?"

मग एका वर्षी परदेशातून काही कामगार शिकायला आले. साहेबांनी सांगितलं, तिकडे आपला दुसरा कारखाना निघतोय, कंपनी वाढतेय. त्या पाहुण्यांत एक तरुण मुलगी होती, रेघ शिकायला आलेली. पाहुण्यांच्या वसतिगृहात बाकी सगळे पुरुष. साहेब रेघताईला म्हणाले, "तुमच्याकडे ठेवाल का?" ताई आधी कुरकुरली. रात्री मात्र जुनी खाट झटकून आपल्या खाटेशेजारी लावली.

दोघींना एकमेकींच्या भाषेतला शब्द येत नव्हता. तरी संध्याकाळी कामावरून आल्या की वरून त्यांची बडबड माझ्या दुकानात ऐकू यायची. ताई आपल्या भाषेत रागवायची, मुलगी तिच्या भाषेत उत्तर द्यायची आणि मग दोघी हसायच्या. ताईला इतकं हसताना मी आधी ऐकलं नव्हतं. मुलीचा हात चांगला होता, पण रेघ संपताना तिचा ब्रश जरासा वर उचलला जायचा आणि टोकाला बारीकशी शेपटी यायची. ताई तिच्या मनगटावर चापट मारायची. "शेपूट नको! गाडी आहे, उंदीर नव्हे." मुलगी मान डोलवायची आणि पुढच्या रेघेला पुन्हा शेपूट. शेवटी ताईने नाद सोडला. मला म्हणाली, "राहू दे. कुणाचा पाय तिरका, कुणाचा दात पुढे. हिची रेघ तशी."

मुलगी परत निघाली त्या सकाळी ताईच्या गळ्यात पडून फार रडली. गाडी सुटायची वेळ झाली तरी हात सोडेना. ताईला नवल वाटलं. "चार महिन्यांत एवढी माया?" जिना चढून ती वर गेली आणि दुसरी खाट बरेच दिवस तिने उभी केली नाही.

त्या रडण्याचा अर्थ पावसाळा संपता संपता कळला. कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. दुसरा कारखाना निघत नव्हताच, आहे तोच उचलून तिकडे जाणार होता.

शेवटच्या दिवशी आम्ही गाडीवाले कुणी न बोलावता फाटकासमोर जमलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या. कामगार बाहेर यायला लागले तेव्हा आम्ही सगळ्यांनी इंजिनं चालू केली. घोषणा देणं आम्हाला जमलं नसतं, आवाज तेवढा करता आला. आमच्यात एक नर्सबाई होत्या, रुग्णालयातल्या. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आज माझ्या गाडीचं माहेर तुटलं." आमच्यातलाच एक पाववाला म्हणाला, "तिकडची गाडी चांगलीही असेल हो. पण बिघडली तर शिव्या कुणाला घालायच्या? इथे फाटकावर येऊन घालता तरी येत होत्या." सगळे हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. रेघताई डबा काखेत धरून आमच्यामधून चालत गेली. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर आमच्या लोकांना एक वेडच लागलं. इथली गाडी ती अस्सल, तिकडची ती सवत. कुणाच्या टाकीवरची रेघ पुसट झाली की तो रेघताईचा जिना चढायचा. रविवारी तिच्या दारापुढच्या गच्चीत दोनचार टाक्या ठेवलेल्या असायच्या आणि त्यांचे मालक कठड्यावर बसून गप्पा मारायचे. ताईचा आवाज पुन्हा चढा झाला. "हात लावू नका, ओली आहे!" खाली मला बरं वाटायचं.

आमच्यातल्या चष्म्यांच्या दुकानदाराने मात्र तिकडची नवी गाडी घेतली. पाववाल्याने त्याला इतकं चिडवलं की एका रविवारी तो टाकी घेऊन वर आला. मीही तिथेच होतो.

"ताई, ही परकी रेघ पुसा आणि तुमची ओढा. निदान तेवढी तरी आपली होऊ दे."

ताईने टाकी मांडीवर घेतली. चष्मा कपाळावरून खाली ओढला. रेघेवरून बोट फिरवत टोकाला आली आणि बोट तिथेच थांबलं. टोकाला बारीकशी शेपटी होती.

"ही मी पुसणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"माझ्या पोरीची आहे."

"तुमची पोरगी?"

"मी शिकवलंय तिला. माझ्या घरी राहायची."

चष्मेवाल्याचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्हीच शिकवलंत? तुम्हीच आपल्या हाताने कारखाना उचलून दिलात की त्यांना!"

"अहो, ताईला तेव्हा काय ठाऊक..." मी म्हणायला लागलो, पण ताईने हाताने मला थांबवलं. टाकी फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "जपून न्या. चांगली ओढलीय."

बोलण्याला पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढच्या रविवारी दोनच माणसं आली, नंतर तीही येईनाशी झाली. नर्सबाई अधूनमधून खालून हाक मारायच्या, तेवढंच. पाववाला मला म्हणाला, "तिचं चुकलं असं नाही रे. पण आता वर जावंसं वाटत नाही." मी त्याच्याशी भांडलो. उपयोग झाला नाही. ताईने कुणाला समजावायचा प्रयत्नच केला नाही. घरांच्या पाट्या रंगवायचं काम तिला मिळत होतं, ते ती दार लोटून घेऊन करायची. पाट्यांचं काम करताना ओरडावं लागत नाही. वरून आवाज येईनासा झाला.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी पाववाला पेपर नाचवत आला. तिकडचा कारखानाही बंद झाला होता. कंपनी आणखी तिसऱ्याच देशात गेली होती आणि तिथे रेघा यंत्र ओढणार होतं. "बरं झालं," तो म्हणाला. "कळू दे त्यांनाही." संध्याकाळपर्यंत आमच्या लोकांत चर्चा सुरू झाली की आता जुन्या गाड्यांचा भाव वाढणार.

मी पेपर घेऊन वर गेलो. ताईला वाचून दाखवलं. ती ब्रश धुवत होती.

"मग ती पोरगी आता काय करत असेल?" तिने विचारलं.

मी पेपरची घडी घातली. ती म्हणाली, "तुझ्या फोनवर माणसं सापडतात म्हणे. शोध ना."

"नाव काय तिचं?"

ताईने नाव सांगितलं. आडनाव तिला माहीत नव्हतं. गावही नाही. एवढे दिवस शेजारच्या खाटेवर झोपलेल्या मुलीबद्दल तिला इतकंच ठाऊक होतं की ती दूध पीत नाही आणि झोपेत बोलते. मी नाव टाकलं. त्या नावाच्या मुली ओळीने आल्या, संपेचनात. मी एकेक चेहरा मोठा करून दाखवायचो आणि ताई चष्मा सावरून वाकायची.

"ही नव्हे."

"ही?"

"नव्हे. हिचं नाक बघ केवढं."

उन्हं गच्चीवरून उतरली. मला दुकान बंद करायचं होतं, पण फोन तिच्या हातातून घेववेना. मग मी तिला बोटाने पुढचा चेहरा कसा आणायचा ते शिकवलं आणि दुकानाला कुलूप घालायला खाली गेलो. परत आलो तेव्हा दिवा न लावता ती खाटेवर बसली होती. फोनचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि ती हळूच, प्रत्येकीला सांगितल्यासारखं म्हणत होती, "तू नव्हेस गं. तूही नव्हेस."