चार पेन्सिल सेल

"निकाल लागल्याबिगर पंच मैदान सोडत न्हाय," असं म्हणत चाचा उजव्या हाताचं बोट वर करायचे. डाव्या हातात डायलिसिसच्या दोन सुया असत. तो हात हलवायला बंदी होती.

डायलिसिसचा वॉर्ड तुम्ही पाहिला असेल तर तिथला कंटाळा तुम्हाला ठाऊक असेल. चार तास खुर्चीत पडून राहायचं. मी तिथली टेक्निशियन. चाचा परंड्याचे, रेडिओ दुरुस्त करणारे, आणि गावातल्या टेनिस बॉल क्रिकेटचे कायमचे पंच. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाराशिवला यायचे आणि दर वेळी अडीच तासांतच उठायला बघायचे. "ताई, काढा की सुया. बस जाईल माझी." मी चिडायचे, डॉक्टर रागवायचे. चाचा ढिम्म. पायांवरची सूज मात्र वाढत चालली होती.

मग एके दिवशी त्यांनी पिशवीतून हातात मावणारा एक जुना व्हिडिओ गेम काढला. भंगारातून आणून स्वतः दुरुस्त केलेला. "आत बेसबॉलची कॅसेट अडकलीया. लई झटलो, निघत न्हाय. क्रिकेट असतं तर बरं झालं असतं."

गेम उशीवर ठेवून ते एका अंगठ्यानं खेळायचे. नियम एकही माहीत नव्हता. बाहेरचे चेंडू क्रिकेटसारखे सोडून द्यायचे. असे चार चेंडू सोडले की फुकट पुढं जायला मिळतं हे कळलं, तेव्हा स्वारी दिवसभर खुशीत होती. गेममधल्या पंचावर मात्र त्यांचा भारी राग. "ह्याला डोळे हायत का बटणं?" सगळा वॉर्ड हसायचा.

बेसबॉलमध्ये बरोबरी झाली तर खेळ थांबत नाही, निकाल लागेपर्यंत चालतो. हे चाचांना फार पटलं. शिवाय गेम बंद केला की सगळं पुसलं जायचं, त्यामुळं मध्येच उठायची सोय नव्हती. चाचा पूर्ण चार तास बसायला लागले. सूज उतरली. त्या भंगाराचे मी मनातल्या मनात किती आभार मानले, काय सांगू.

गेमला चार पेन्सिल सेल लागत. एका गुरुवारी ते संपले. "चाचा, तुम्ही नका आणू, शनिवारी मी आणते," मी म्हटलं. आणि शनिवारी विसरले. सरळ विसरले, कारण सांगण्यासारखं काहीच नाही.

"असू द्या ताई," ते म्हणाले. अडीच तासांनी सुया काढायला लावल्या, स्वतःच्या जबाबदारीवर लवकर उठतोय अशा कागदावर सही केली आणि बस पकडायला गेले.

शनिवार ते मंगळवार हे अंतर मोठं असतं, मधले दिवस अंगात पाणी साचत राहतं. सोमवारी दुपारी त्यांना घरी दम लागला. जीपमधून आणलं, पण आमच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, नुसता दीड तास कमी पडल्यानं एवढं होत नाही. मी मान हलवली. मला ते अजून पटलेलं नाही.

चाची बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "वाटंत एकदाच बोलले. ताईनं सेल आणले असतील का, म्हणून इचारत होते."

आणले होते. रविवारीच आणले होते. चारही माझ्या ॲप्रनच्या खिशात होते.