प्लंबरची केस

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला प्रत्येक अशील वकीलबाईंकडे एकच पालुपद घेऊन यायचा. "बाई, दोनच घोट घेतले होते." बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "माझ्याशी खोटं बोलायचं असेल तर दुसरा वकील गाठा."

प्लंबरनेही तेच सांगितलं, मग ओशाळून बाटल्यांचा खरा आकडा सांगितला. बाईंनी फुंकायच्या मशीनचे कागद मागवले, तारीख न तारीख तपासली. कुठेही फट नव्हती. त्यांनी त्याला सरळ गुन्हा कबूल करायला लावला. पहिलीच वेळ म्हणून तुरुंग टळला, पण लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं.

"हेच व्हायचं होतं तर वकील कशाला केला?" असं पुटपुटत तो जिना उतरला.

सहा महिन्यांनी खाली हॉर्न वाजला. बाईंनी खिडकीतून डोकावलं. व्हॅनच्या स्टिअरिंगवर प्लंबरची बायको होती आणि तो शेजारी पान्यांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता.

"लायसन्स मिळालं ना परत?"

"मिळालं की. पण मला कामावर सोडायला म्हणून ही गाडी शिकली, आता किल्लीच देत नाही. अपील करता येईल का, बाई?"

बायको गालात हसली.

"नाही," बाई म्हणाल्या. "या कोर्टाच्या वर कोर्ट नाही."